मखमलाबादचा समुद्र

उज्वलाच्या घरात समुद्र आहे हे कळल्यावर मखमलाबादमधला माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, उपयोग काय? आजवर हा क्रम कुणी बदललेला नाही. समोरच्या बंगल्यातल्यांची मोठी गाडी वर्षातून एखाद्या वेळी आवरणाबाहेर येते, दसऱ्याला हार घालून घेते आणि परत झोपते. तिला कुणी उपयोग विचारत नाही. पण एखाद्या बाईनं हॉलमध्ये काचेचा टँक मांडून त्यात खारं पाणी भरलं, त्यात जीव वाढवले, की साऱ्या गावाला त्याचं उत्तर हवं असतं. उज्वला उत्तर देत नाही. पहिली काही वर्षं द्यायची, मग कंटाळली.

टँक आहे देवघर आणि टीव्ही यांच्या मधल्या भिंतीला. आरओचं पाणी, त्यात समुद्री मीठ बादलीत ढवळून विरघळवायचं, खारेपणा मोजायचा, मगच ते टँकमध्ये ओतायचं. हे सगळं घडतं ते द्राक्षवाल्यांच्या घरात. बोअरचं पाणी जरा मचूळ लागलं तरी या घरात जेवणं थंड होईस्तोवर चर्चा चालते. त्यामुळे उज्वलानं पहिल्यांदा बादलीत मीठ कालवलं तेव्हा तिच्या सासूबाई, कुसाबाई, उंबऱ्यातच बसल्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायला लागल्या, “मळ्यात मीठ फुटू नये म्हणून आमचा जन्म गेला, अन् ही सून मुद्दाम मीठ कालवती.”

नवरा राजू द्राक्षं पाठवायच्या कामात. तो म्हणायचा, मी मधे पडत नाही. मधे न पडणारे नवरे नेमके कुणाच्या बाजूला पडलेले असतात ते बायकांना बरोबर कळतं.

हे खूळ आलं मालवणहून. गावच्या महिला मंडळाची सहल आयुष्यात एकदाच देवस्थानं सोडून समुद्राला गेली. होडीतल्या बायका साडीच्या निऱ्या धरून काठाला चिकटून बसल्या आणि होडीवाल्यानं पाण्यात बघायचा चष्मा पुढे केला तेव्हा सगळ्यांनी तो हसत हसत एकमेकींकडे ढकलला. उज्वलानं तो घातला. जाकीट बांधून पाण्यात उतरली आणि तोंड खाली घातलं. खाली दगड होते. थोडा वेळ बघितल्यावर तिला दिसलं की दगडांना बोटं आहेत, ती बोटं हलताहेत, काहीतरी धरताहेत आणि तोंडात घालताहेत. ती वर आली तेव्हा रडत होती. बायकांना वाटलं, घाबरली. ती घाबरली नव्हती. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच अशी गोष्ट बघितली होती जिच्यासाठी तिला काही रांधायचं, धुवायचं किंवा आवरायचं नव्हतं, आणि ती आपल्याला रोज बघायला मिळाली पाहिजे असं तिला फार जोरात वाटलं.

पुढे शोधता शोधता तिला शुभांगी भेटली. शुभांगी इंदिरानगरला राहते, बँकेत आहे, आणि तिच्या घरी असाच छोटा टँक होता. समुद्रातून काही उचलायचं नाही, टँकमध्येच वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा घ्यायचा, हे शुभांगीनंच शिकवलं. तसा एक तुकडा उज्वलानं पुण्याच्या एका जुन्या शौकीन माणसाकडून आणला. नखाएवढा होता. खाली देठ, वर टोपी, आणि टोपीवर बारीक बारीक बोटं. उज्वला त्याला छत्री म्हणायची. कुसाबाई अळंबं म्हणायच्या, आणि अळंबं घरात उगवणं चांगलं नसतं असंही म्हणायच्या.

छत्री वाढली. एवढीशी होती ती पुरणपोळीएवढी झाली. तिच्याभोवती आणखी काही प्रवाळ आले, काच साफ करणाऱ्या गोगलगायी आल्या, लाल पट्ट्याची एक कोळंबी आली आणि नारिंगी माशांची जोडी आली. घरातल्यांच्या लेखी टँक म्हणजे ते दोन मासे. बाकीचे दगड.

उज्वलाचं माहेर जानोरीचं, गुलाबाचं. शाळेत असल्यापासून तिनं गुलाबाला डोळे भरलेत. साल चिरायची, डोळा बसवायचा, पट्टी बांधायची. तिच्या वडिलांचा एक नेम होता. मळ्यात नवं वाण आलं की त्याची पहिली काडी आपल्याकडे लावायची नाही, दुसऱ्याच्या बांधावर द्यायची. लोक त्यांना भोळे म्हणायचे. ते म्हणायचे, उद्या माझा मळा गेला तर मी मागायला कुठं जाणार? छत्री पुरेशी मोठी झाल्यावर उज्वलानं नव्या ब्लेडनं तिच्या टोपीचा एक तुकडा कापला, माहेरच्याच पट्टीनं गोट्यावर बांधला आणि तो स्वतःच्या टँकमध्ये ठेवायच्या आधी शुभांगीच्या घरी पोचवला. शुभांगीला वाटलं, ही किती मोठ्या मनाची. उज्वला नेम पाळत होती.

आता वाळूआबांचं सांगायला हवं. वाळूआबा म्हणजे राजूचे थोरले भाऊ, मळ्यावर राहणारे. द्राक्षाच्या बागेवर त्यांचा जीव. पानाची मागची बाजू बघून ते दोन दिवसांनी कुठला रोग येणार ते सांगतात, आणि तो येतो. मंगळासाठी त्यांच्या बोटात तांब्याच्या अंगठीत पोवळं आहे. हर्नियाच्या ऑपरेशनला डॉक्टरनं अंगठी काढा म्हटलं तर ते उठून घरी आले होते. शेवटी अंगठीवर चिकटपट्टी गुंडाळून ऑपरेशन झालं. उज्वलानं त्यांना एकदा सांगितलं होतं की आबा, तुमच्या बोटातलं पोवळं हे याच जातीचं हाडूक, माझं फक्त जिवंत आहे. आबा हसले होते. भावजयीनं काहीतरी विनोद केला असं त्यांना वाटलं.

तुळशीची लग्नं झाली आणि सटाण्याला नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. आबांनी आधीच सांगून टाकलं, ढगाळ आहे, बागेवर डावण्याची बुरशी येईल, फवारणी सोडून मी येत नाही. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. उज्वला म्हणाली, टँक आहे, मी लग्नाच्या दिवशी सकाळी येते आणि संध्याकाळी परत जाते. यावर सगळे हसले. कुसाबाई तर म्हणाल्या, मामी हळदीला नसली तर लोक काय शेण घालतील तोंडात. मग आबाच म्हणाले, जा गं, मी बघतो. बागा सांभाळल्या, ही काचेची पेटी काय सांभाळता येत नाय?

तिनं त्यांना सगळं दाखवलं. चिमूटभर खाणं सकाळी. पाणी या खुणेच्या खाली गेलं तर या कॅनमधलं घालायचं. बाकी काही करायचं नाही. एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नाही, कारण सांगायला हवी असं तिला वाटलंच नाही. डावीकडची काच ती मुद्दाम घासत नसे. तिच्यावरचं हिरवं शेवाळ म्हणजे गोगलगायींचं चरायचं रान होतं.

आबांनी कामात कसूर केली नाही. सांगितल्याप्रमाणे खाणं दिलं, पाणी घातलं. मग त्यांना ती हिरवी काच दिसली. आता द्राक्षवाल्या माणसाला शेवाळ दिसलं तर त्याच्या हाताला एकच गोष्ट सुचते. मोरचूद. निळे खडे. बागेत बुरशीवर तेच, शेततळ्यातल्या शेवाळावर तेच. कापडात बांधून तळ्यात फिरवलं की पाणी निवळतं. आबांनी टँकच्या मानानं अगदी चिमूटभर घेतलं, वाटीत विरघळवलं आणि पाण्यात सोडलं. पाहुण्याच्या ताटात जास्तीचं तूप वाढावं तसं, प्रेमानं.

उज्वला लग्नाहून आली तेव्हा आबा हॉलमध्येच बसले होते. म्हणाले, बघ, काच कशी लख्ख झाली. काच लख्ख होती. तळाला गोगलगायी उलट्या पडल्या होत्या. कोळंबीचे तुकडे एका कोपऱ्यात फिरत होते. छत्रीनं सगळी बोटं आत घेतली होती आणि तिच्या टोपीवरून शेंबडासारखा पदर सुटला होता. मासे मजेत पोहत होते.

“आबा, पाण्यात काय टाकलं?”

आबांनी सांगितलं. आणि मासे बघ, एकालाही काही झालं नाही, असंही सांगितलं, कारण त्यांनी मासे दर तासाला उठून बघितले होते.

उज्वलाला त्या क्षणी ओरडायचं होतं. मोरचूद म्हणजे तांबं, तांबं म्हणजे या जिवांचं विष, मासा ते सोसतो, पाठीचा कणा नसलेल्या जिवाला ते सोसत नाही, हे तिला घसा फोडून सांगायचं होतं. समोर थोरले दीर. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर तिचा आवाज चढला नव्हता. ती अंगावरच्या शालूनिशी बादलीत मीठ कालवायला बसली. पाणी बदललं, पुन्हा बदललं, तांबं शोषायला कोळसा घातला, जे जे करतात ते सगळं केलं. पण दगडांनी तांबं पिऊन घेतलं होतं. पाणी बदललं की दगड ते परत सोडायचे. आठवड्याच्या आत छत्री देठापासून विरघळली. बाकीचे प्रवाळही एकामागून एक गेले. उज्वला जेवेना. कुसाबाई म्हणाल्या, मासे जित्ते हायेत अन् ही दगडाचं सुतक पाळती.

मग एका रात्री राजू पहिल्यांदा मधे पडला. गोड बोलून पडला. म्हणाला, झालं ते झालं, बरंच झालं म्हण. मासे शुभांगीला देऊ, तिथे सोफा येईल, तुलाही मोकळीक. आबांना बिचाऱ्यांना वाईट वाटतंय, त्यांनी वासरांना पाणी प्यायला टँक मागितलाय, तेवढंच त्यांचं मन हलकं होईल. उज्वला काही बोलली नाही. न बोलण्याचा अर्थ होकार असा घेण्याची त्या घराला सवय होती.

रविवारी सकाळी वाळूआबा पिकअप घेऊन आले. दोर आणला होता, खाली घालायला पोती आणली होती. काच तडकू नये म्हणून जुनी गादी पण आणली होती. राजू बाह्या सरसावून तयार होता. कुसाबाई झाडू घेऊन उभ्या होत्या, कारण टँक हलल्यावर मागची भिंत त्यांना स्वतःच्या हातानं झाडायची होती. उज्वला स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि टँकला पाठ लावून उभी राहिली.

“टँक हलणार नाही,” ती म्हणाली.

राजू म्हणाला, अगं आता आहे काय त्यात. ती त्याच्याकडे बघत नव्हती, आबांकडे बघत होती.

“आबा, गारपीट झाली त्या साली मी नवी नवरी होते. सकाळी उठलो तर बागेत पान नव्हतं. काड्या सोललेल्या. तुम्ही बांधावर बसून रडलात. मग उठलात आणि कात्री घेतली. मोडलेलं छाटत पुढे तुम्ही, अन् जखमांना मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावत मागे मी. हातावरची मेंदी निळी झाली माझी. बाग उपटून टाका असं मी म्हटलं का?”

आबा दोराचं टोक चाचपत राहिले. मग म्हणाले, “बागेवर घर चालतं, उज्वला.”

“चालतं ना. ह्याच्यावर मी चालते.”

कुसाबाईंनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. सासरी इतकी वर्षं काढलेली बाई थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर न घेता उभी होती आणि आवाज चढलेला नव्हता, यातच त्यांना काहीतरी भयंकर वाटलं. उज्वलानं पुढचंही सांगून टाकलं. तुम्ही जीव मारलेत आबा. चांगल्या मनानं मारलेत, मला माहीत आहे, पण मारलेत. आणि जीव मेल्यावर जागा मोकळी झाली म्हणून सोफा आणायचा हे या घरात चालणार असेल, तर सोफ्यावर बसायला मी नसेन.

मग आबांनी विचारलं, मग पिकअपचं काय करू. हा प्रश्न वेड्यासारखा होता, पण त्या माणसाला दुसरं काही सुचत नव्हतं. उज्वला म्हणाली, पिकअप कामाचा आहे. हे दगड आता विषारी झालेत, ते न्यायचे. विहिरीजवळ टाकायचे नाहीत, तळ्याजवळ टाकायचे नाहीत. वाळूही न्यायची. आणि मासे शुभांगीकडे पोचवायचे, सांभाळायला. कायमचे नाहीत.

अशा रीतीनं टँक न्यायला आलेला पिकअप ओले दगड आणि वाळू घेऊन गेला. पुढच्या सीटवर आबा मांडीवर झाकणाची बादली घेऊन बसले होते, त्यात नारिंगी जोडी. गाडी राजूनं चालवली. खड्डा आला की आबा म्हणायचे, हळू.

मग टँक रिकामा राहिला, घासून, धुऊन, पुन्हा भरून. नवे दगड आले. पण नुसतं पाणी भरलं म्हणजे समुद्र होत नाही. लोणचं मुरतं तसं ते पाणी मुरावं लागतं, डोळ्यांना न दिसणारे जीव आधी त्यात वस्तीला यावे लागतात. येणारी प्रत्येक बाई रिकाम्या पाण्यावरचा दिवा बघून म्हणायची, आता तर मासे पण नाहीत, मग उपयोग काय? उज्वला चहा पुढे करायची. कुसाबाईंनी चार दिवस तिच्याशी बोलणं टाकलं, मग मीठ संपलं म्हणून नाइलाजानं बोलल्या. राजूनं सोफ्याचा विषय परत काढला नाही. आबा मात्र येत राहिले. यायचे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे, पाण्याकडे बघायचे आणि विचारायचे, मुरलं का? ती म्हणायची, नाही अजून. ते पाणी न पिता उठून जायचे. तिनं त्यांना माफ केलं होतं का? नव्हतं. तिचा राग अजून जागचा हलला नव्हता, आणि तो हलवायची तिला घाईही नव्हती.

द्राक्षांचा तोडा जोरात असताना पाणी मुरलं. शुभांगी डबा घेऊन आली. डब्यात छत्री होती. जी पहिली काडी म्हणून इथून गेली होती, तिचीच वाढून झालेली टोपी. शुभांगीनं अर्धी कापून आणली होती. उज्वलानं ती दोन्ही हातांत घेतली आणि तिला हुंदका आला. तो तिनं आवरला नाही.

त्याच वेळी आबा दारात आले, द्राक्षांचा क्रेट घेऊन. उज्वला तुकडा गोट्यावर बसवत होती, आणि तो बुळबुळीत जीव निसटत होता. पट्टी बांधायला दोन हात, गोटा पाण्याखाली धरायला आणखी एक हवा होता. शुभांगी हात धुवायला आत गेली होती. आबा जवळ आले. कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. न विचारता त्यांनी बाही वर केली आणि हात पुढे केला. मधेच तुकड्यानं अंग चोरलं, बोटं आत घेतली, गोळा झाला. आबांनी ते बघितलं.

“हे हललं,” ते म्हणाले.

“जित्तं हाय,” उज्वला म्हणाली. त्यांच्याच भाषेत.

आबा पाण्यात हात घालणार, तेवढ्यात ती म्हणाली, “अंगठी.”

त्यांना कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, अंगठी तांब्याची आहे आबा, काढा. खरं तर घटकाभर अंगठी बुडाल्यानं एवढ्या पाण्याचं काही बिघडलं नसतं. उज्वलाला ते पक्कं माहीत होतं. तरीही ती तुकडा हातात धरून थांबली. दारातून कुसाबाई म्हणाल्या, अगं मंगळ आहे त्याला, ऑपरेशनला सुद्धा काढली नव्हती. उज्वला थांबूनच राहिली. हातातून खारं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

आबांनी अंगठी ओढली. ती बोटात रुतलेली होती, निघेना. त्यांनी बोट तोंडात घालून ओलं केलं, फिरवत फिरवत अंगठी काढली आणि टीव्हीच्या फळीवर ठेवली. बोटावर तिच्या जागी पांढरा, सुरकुतलेला वळ होता. मग त्यांनी हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, गोटा धरला आणि म्हणाले, बांध.